कुटं उतरलाव?

सिद्धेश्वरीनं लॉजच्या खोलीचं दार उघडलं. दारात काशम्मा आत्या उभ्या. कपाळाला विभूती, काखेत पिशवी, आणि डोळ्यांत असा जाळ की वर सोडायला आलेला लॉजचा माणूस मागच्या मागं पसार झाला.

"आमचं घर काय जळालंय म्हनून लॉजवर उतरलाव?"

तिचा नवरा महेश्वर पलंगावरून ताडकन उठला. दुधनीच्या आडत बाजारात हमालांवर ओरडून घसा बसवणारा गडी, पण बापाची ही बहीण समोर आली की त्याचं पाचवीतलं पोरगं व्हायचं.

"आत्या, तुला कुणी सांगितलं?"

सांगायला कोण कशाला पाहिजे! सकाळी चौघं सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले, तिथंच घोटाळा झाला. सोलापुरात यायचं आणि तळ्यातल्या देवाला तोंड न दाखवता फिरायचं, हे सिद्धेश्वरीच्याच मनाला पटेना. सुट्टीच्या सकाळी त्या देवळात निम्मी सोयरीक भेटते, हे मात्र ती विसरली. आत्यांचे व्याही भेटलेच. आल्या माणसाला विचारतात तेच त्यांनी विचारलं, "कुटं उतरलाव?" देवाच्या पायरीवर खोटं कसं बोलणार? महेश्वरनं लॉजचं नाव सांगून टाकलं. झालं! गावात आपलं माणूस असताना पैसे देऊन परक्याच्या गादीवर झोपायचं, म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखंच.

"चला, पिशव्या भरा. आमचे मालक, तुझे मामा, वाट बघायलेत. हुग्गीच्या खिरीला गहू भिजत घालून आल्ये मी."

महेश्वर मुकाट्यानं टॉवेल गोळा करायला लागला. सिद्धेश्वरीला रडूच यायचं बाकी राहिलं. दोनच दिवस मागितले होते तिनं. मुलांना किल्ल्याची बाग दाखवायची, चौघांनी हातात हात घालून बाजारात हिंडायचं, आणि भूक लागली की दुसऱ्यानं केलेलं गरमगरम खायचं. दोन दिवस हाताला पीठ लागू द्यायचं नाही. आत्यांच्या घरी गेलं की संपलं. त्या तोंडानं म्हणणार, "बस गं, पाहुनी हायस," आणि सून खरंच बसली तर ती बातमी यांच्या आधी दुधनीला पोचणार. गाव बदललं तरी परात काही सुटत नाही.

"आम्ही नाय येणार!" पलंगावर उड्या मारणारा चार वर्षांचा गुरु ओरडला.

"गप रे," महेश्वर म्हणाला.

"पण मम्मी म्हणली की, हितं भाकरी करायला लागत न्हाय म्हणून आलोय," थोरली दानेश्वरी शहाण्यासारखी म्हणाली. "आत्याआजीकडं गेलं की मम्मी आतच असते."

घ्या! घरात एवढी खरं बोलणारी लेक असल्यावर शत्रू कशाला हवा? महेश्वर टॉवेलाची घडी घालतच राहिला. आत्यांनी हळूच मान वळवून सिद्धेश्वरीकडं बघितलं.

आता काय लपवायचं? "व्हय आत्या," ती म्हणाली. "मीच म्हणले तसं. तुमच्यावर राग न्हाय. तुमच्याकडं यायला कुणाला आवडत न्हाय? पण मला दोन दिस नुसतं बसायचंय."

"नुसतं बसायचंय," आत्या म्हणाल्या. असलं काही बाईमाणसानं मागावं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तुमी पण बसा की."

बोलता बोलता तिनं खाली फोन करून चहा सांगितला. आत्या पलंगाच्या अगदी कडेला टेकल्या, उठायच्या तयारीनं. चहा आला. तो पिऊन झाला तशा त्या कप गोळा करून उठल्या आणि मोरी शोधू लागल्या.

"राहू द्या, आत्या. तो येऊन नेतो."

"आनि धुतं कोन?"

"तेच धुतात."

आत्यांनी कप खाली ठेवले. मग पांढऱ्या चादरीवरून हात फिरवला. "हीबी तेच घालतेत?"

"तेच. सकाळी येऊन आवरून पण जातात."

"यव्वा!" आत्या म्हणाल्या. "लगीन होऊन आल्यापास्नं ह्या दारावरनं बाजाराला जाते मी. वाटायचं, कसली माणसं ऱ्हात असतील आत." "माझ्या घरी पाव्हना आला न्हाय असा म्हैना जात न्हाय बघ. आनि मी कुटं पाव्हनी गेले, तर तितंबी भाकरी थापूनच आल्ये."

"मग ऱ्हावा की आज हितं," सिद्धेश्वरी म्हणाली. "पलंग लई मोठा हाय."

"शानपना करू नकोस!" आत्या फणकारल्या. पण चादरीवरचा हात काही उचलला नाही.

तेवढ्यात पिशवीतला मोबाईल वाजला. मामांचा आवाज असा खणखणीत की खोलीभर ऐकू आला. "कुटं हायस? पाव्हने कुटं? भाकरीला कवा बसनार?"

आत्यांनी मोबाईल कानापासून जरा लांब धरला. एकदा रिकाम्या कपांकडं बघितलं, एकदा सिद्धेश्वरीकडं. मग पाय वर घेऊन त्या भिंतीला नीट टेकल्या.

"गहू भिजलेत, तुमीच शिजवा," त्या म्हणाल्या. "मी उद्या सांजच्याला येते. पाव्हनी आल्ये."

"पाव्हनी? अगं, कुटं उतरलीस?"

"आमच्या सिद्धेश्वरीकडं," आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. "गुरु, जरा तिकडं सरक रं."