गढूळ पाण्याची बरणी

विज्ञान प्रदर्शनासाठी मी वाया जाणाऱ्या लाकडी भुशातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून पावडर बनवली होती. गढूळ पाण्यात चिमूटभर टाकून हळूहळू ढवळलं, की गाळाच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी!

पाहुणे फाटकाशी पोचले, तेव्हा मोठ्या बाईंना स्वच्छता आठवली. (एरवी नाही आठवत.) "काय गं ही घाण! शाळेची अब्रू घालवतेस का?" म्हणत त्यांनी माझी गढूळ पाण्याची बरणी बेसिनमध्ये रिकामी केली.

"अहो बाई, आता मी स्वच्छ काय करून दाखवू?"

"ते तुझं तू बघ!"



मग मी बघितलं: बरणी शाळेच्या पिण्याच्या नळाखाली धरली, आणि पाहुण्यांसमोर प्रयोग अगदी झकास झाला.