मौन सुटेपर्यंत

गुणाजीनं डोळे उघडले. उघडायचे नव्हते. पण मांडीला मुंग्या आलेल्या, डोक्यात तिडीक गेलेली, मग उघडले. आणि पुढं बसलेल्या पोराचं डोकं बघून त्याचा श्वास तिथल्या तिथं अडकला.

डोक्यावर दोन भोवरे. उजव्या कानामागं भाजल्याचा डाग, लहानपणी स्टोव्ह भडकला होता तेव्हाचा.

चंदू! त्याचा पोरगा!

हाक गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात गुरुजी बोलले, "श्वास आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. करायचं काहीच नाही. नुसतं बघायचं."

गुणाजीनं हाक गिळली.

घाटकोपरच्या एका शाळेत, मे महिन्याच्या सुट्टीत, दहा दिवसांचं शिबिर होतं. बाकं व्हरांड्यात रचलेली, वर्गात सतरंज्या. गुणाजीला इथं आणला शिवदासनं. दोघं एकाच कापड मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. संपात दोघांचीही वाट लागली. शिवदास विहारात जाऊन बसायला लागला, गुणाजी घरात बसून भांडायला.

"साचे बंद पडून दोन वर्षं झाली," शिवदास म्हणाला होता, "आणि तू अजून त्यांच्या आवाजाच्या वर ओरडतोयस. कोणासाठी रे?"

"मग काय तुझ्यासारखं नाक धरून बसू?"

"नाक धरायचं नाय, नाकाखाली बघायचं. श्वास कुठं लागतो ते. आणि दहा दिवस एक शब्द नाय. खुणा नाय. कोणाच्या डोळ्यात बघणंसुद्धा नाय. जाऊ दे, तुला नाय जमणार."

"कोण म्हणतो नाय जमणार?"

असा आला तो. पण नुसता शिवदासच्या डिवचण्यानं नाही. संपात घरात चूल पेटेना, तेव्हा चंदू शाळा सोडून दहिसर नाक्यावर वडापावच्या गाडीवर लागला. गुणाजीला कळलं तसा तो गाडीवर गेला आणि गिऱ्हाइकांसमोर पोराला असलं काय काय ऐकवलं, की रिक्षावाले पण खाली बघायला लागले. चंदूनं हात पुसले, फडका गाडीवर टाकला आणि चालायला लागला. तो परत आलाच नाही.

तेव्हापासून प्रेमा नवऱ्याशी नडलं तरच बोलायची. शिबिराला निघताना मात्र बोलली. "तुमच्या तोंडान घालवल्यात माज्या झिलाक. ह्यां मौन तरी शेवटापर्यंत पाळा."

आणि आता तो झील, तिचा पोरगा, हाताच्या अंतरावर पाठ करून बसलेला.

गुणाजी दिवसभर तेच घोटत बसला. मौन सुटलं की पहिलं काय बोलायचं? श्वास आत, 'चंदू.' श्वास बाहेर, 'घरी चल, बाबा.' शिवी नाही, वरचा सूर नाही. जन्मात पहिल्यांदा तो बोलायच्या आधी विचार करत होता.

एकदा राहवलं नाही. गुरुजी एकेकाला जवळ बोलावून विचारायचे, तेव्हा तो पुटपुटला, "गुरुजी, माझ्यापुढं बसतो ना, तो..."

"पुढचं सोडा. श्वास कुठं जाणवतो?"

"...नाकाखाली."

"छान. जा, बसा."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाण्याच्या पिंपाशी दोघं समोरासमोर आले. चंदूनं मान वर केली आणि सरळ बापाच्या तोंडाकडं बघितलं. पोरगा वाळला होता. हनुवटीवर दाढी फुटलेली. हातातला पेला तसाच राहिला.

गुणाजीच्या छातीत साचा खडखडायला लागला. ओठ उघडलेच होते. मग प्रेमा आठवली. त्यानं नजर खाली घातली, पाणी प्यायला आणि निघून गेला. सतरंजीवर येऊन बसला तेव्हा मन फुगलं होतं. पाळलं मी, प्रेमा. बघ, पाळलं.

मग रोज तेच. जेवण झालं की चंदू पिंपाशी यायचा, उगाच रेंगाळायचा, बघत राहायचा. गुणाजी रोज नजर खाली घालायचा. कार्टं नियम मोडतंय, माझ्यावरच गेलंय, त्याला मनात हसू यायचं. एकानं तरी पाळायला हवा. आता घाई करून सगळं नासवायचं नाही.

मौन सुटायच्या दिवशी सकाळी पुढची जागा रिकामी होती. आंघोळीला नंबर लागला नसेल, असं म्हणून गुणाजीनं डोळे मिटले. श्वास कधी नव्हे तो सुतासारखा चालला होता. कुठं तुटत नव्हता.

घंटा झाली. एवढे दिवस मुके असलेले सगळे एकदम बोलायला लागले. कोण हसतंय, कोण रडतंय. गुणाजी व्हरांड्यात धावला, अंगणात गेला, मोरीत डोकावला. शेवटी चुलीपाशी आला. तिथं स्वयंपाकाला असलेली वनमाला चहा गाळत होती.

"काका, बोला की आता! सुटलं मौन!"

"तो पोरगा..." आवाज इतका हळू निघाला, की त्यालाच ओळखू येईना. "माझ्यापुढं बसायचा तो?"

"तो होय? गेला की पहाटेच, पिशवी घेऊन. किती सांगितलं, अरे थांब, आज बोलायला मिळेल. तर रडायलाच लागला. म्हणे, माझा बाप बसलाय इथं. कोणता, ते काय सांगेना." तिनं कप पुढं केला. "मी म्हटलं, अरे येड्या, नियम आहे म्हणून बोलला नसेल. तर म्हणाला, 'नियम? माझ्या बापानं जन्मात कुठला नियम पाळलाय? मी मेलोय त्याला. रोज समोर जाऊन उभा राहिलो ताई, निदान एक शिवी तरी घालेल म्हणून.'"