साडेसहाची उसंत

डेरेकने माशावरचे कुरकुरीत आवरण काट्याने फोडले आणि बाजूला सारले. आजच्या भांडणाची सुरुवात माशापासून होणार, हे बेरिलने ओळखले.

"व्हिनेगर विसरलीस," तो म्हणाला.

"माशाच्या दुकानात ही रांग होती. सगळं गाव कुंपणापाशी रडून आलेलं, आणि येताना सगळ्यांना एकदमच भूक लागलेली."

"मी नाही रडलो."

"छे. तुझ्या डोळ्यांत वारा गेला. तोही तुझ्या एकट्याच्याच."

दुपारी डेरेक विमानतळाच्या कुंपणाला बोटे अडकवून उभा होता. आवाजाहून वेगाने उडणारी तीन कॉन्कॉर्ड विमाने एकामागून एक उतरली. यापुढे ती प्रवाशांना घेऊन उडणार नव्हती. वर्षानुवर्षे त्याने त्यांच्या पोटात लोकांचे सामान चढवले होते. आत बसणे त्याला कधी मिळाले नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांतले एक न्यूयॉर्ककडे झेपावे, ते या गल्लीच्या छपरांवरून. कपाटातल्या बशा थरथरत आणि माणसाचा शब्द माणसाला ऐकू येईनासा होई. तेवढा वेळ सारी गल्ली वाक्य अर्धवट सोडून थांबे, आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागे. परगावचा पाहुणा तेवढ्यात ओरडून बोलू लागला की मुले हसत. गल्लीत या थांबण्याला 'उसंत' असे नाव होते.

पहिल्या वर्षी या आवाजाविरुद्ध घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या त्या बेरिलनेच. पुढे तिने तक्रार सोडली. का सोडली, ते कोणी विचारले नाही.

कारण एक वाक्य होते. नवराबायकोचे भांडण कशावरूनही निघो, ते उतारावरच्या पाण्यासारखे त्याच एका वाक्याकडे वाहत जाई. "गिलियन गेली ती..." एवढे डेरेक म्हणे, आणि छपरावर आभाळ फाटे. आवाज ओसरल्यावर साऱ्या गल्लीला आपापला शब्द आठवे. डेरेक मात्र विचारी, "काय म्हणत होतो मी?" बेरिल सांगे, "वाटाणे गार झाले म्हणत होतास." मग तो वाटाण्यांविषयी बोले.

वाक्याचा उरलेला भाग तिला ठाऊक होता. त्या दिवशी डेरेक कामावर होता, आणि दारात उभ्या राहिलेल्या मुलीला ती म्हणाली होती, "जातेस तर जा, आणि मागे वळून बघू नकोस." आईची तेवढी एकच आज्ञा गिलियनने पाळली. आता ती न्यूयॉर्कला होती, आणि नाताळाला तिचे कार्ड वडिलांच्या नावाने येत असे. ते वाक्य एकदा उच्चारले गेले, तर त्यानंतर एका टेबलाशी बसून जेवता येईल की नाही, हे बेरिलला सांगता आले नसते.

"तुला बरंच वाटलं असेल," डेरेक म्हणाला. "सह्या घेत फिरत होतीस ना दारोदार. झाली एकदाची इच्छा पुरी, बाईसाहेब."

"अरे, पाव शतक झालं त्याला. आणि माझ्या सह्यांनी थोडंच बंद पडलं ते? लोकांनाच परवडेना, म्हणून पडलं."

"साडेतीन तासांत पोचायचं गं ते तिच्या गावाला. साडेतीन तास. इथून लंडनला जाऊन बाजार करून येईपर्यंत."

"बसला असतास का तू त्यात?"

"बसलो नसतो. पण जात होतं ना रोज तिकडं." त्याने काटा खाली ठेवला नाही, तो तिच्याकडे रोखला. "तुझ्यापुढं काही टिकत नाही, बेरिल. विमान गेलं. पोरगी गेली. आणि गिलियन गेली ती..."

तो थांबला. इतक्या वर्षांची सवय. काटा हवेतच राहिला. दोघांनीही छताकडे पाहिले. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे बोलणेही थांबलेले होते. बहुधा सारी गल्लीच थांबली होती.

काही आले नाही. बशा आपल्या जागी निमूट होत्या. दूर कुठेतरी एक साधे विमान गेले, आणि त्याच्या आवाजात एक कुजबुजसुद्धा झाकली गेली नसती.

भिंतीपलीकडे कोणीतरी ओशाळल्यासारखे हसले, आणि तिकडचे बोलणे पुन्हा सुरू झाले. डेरेकची नजर छतावरून खाली आली. त्याने श्वास घेतला.

बेरिल उठली. जिन्याखालच्या कोनाड्यातून तिने व्हॅक्यूम क्लीनर ओढून आणला आणि बटण दाबले. गालिचा स्वच्छच होता. तो तिने सकाळीच झाडला होता. तिने तो पुन्हा झाडला, टेबलाखाली, कपाटापुढे, खुर्च्यांच्या पायांभोवती. डेरेकने आधी एक पाय उचलला, मग दुसरा. त्याची नजर तिच्या वाकलेल्या पाठीवर होती, आणि हातातला काटा हळूहळू खाली येत होता.

विमानाला लागला असता त्याहून बराच अधिक वेळ घेऊन तिने बटण बंद केले. ती पाठमोरीच उभी राहिली.

"काय म्हणत होतो मी?" डेरेकने विचारले.

"व्हिनेगर."

"हं," तो म्हणाला. "व्हिनेगर."

आणि त्याने तो मासा तसाच, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरिल बटाटे घेऊन स्वयंपाकघरातून आली, तेव्हा डेरेक टेबलाशी येऊन बसला होता. व्हॅक्यूम क्लीनर त्याने जिन्याखालून आधीच बाहेर काढला होता. त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये लावलेली होती, आणि तो तिच्या खुर्चीशेजारी, तिच्या हाताला येईल असा ठेवलेला होता.