अनोळखी वस्तू

अपडेट पूर्ण झालं, तरी मृणालिनी जागी होईना. अपघातानंतर तिचं सगळं शरीर मेंदूतलं यंत्रच चालवत होतं. एरवी अपडेटनंतर ते पाच मिनिटांत सुरू व्हायचं. आज तिच्या मनगटावरच्या पडद्यावर एकच ओळ होती: ‘अनोळखी वस्तू जोडलेली आहे.’

“त्यांच्या अंगावरचं धातूचं सगळं काढा,” हेल्पलाइनवरची बाई म्हणाली.

श्रीरंगने बांगड्या काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्राशी त्याचा हात अडखळला. शेवटी तेही काढून त्याने उशाशी ठेवलं. ओळ तशीच राहिली.

“सर, वस्तू बाहेर नाहीये. ओटीपोटात आहे. मागच्या अपडेटला नव्हती. त्या वस्तूचे स्वतःचे वेगळे ठोके पडतायत.”

श्रीरंगने मृणालिनीच्या पोटावर हात ठेवला. ‘रविवारी आईंना जेवायला बोलाव, काहीतरी सांगायचंय,’ असं मृणालिनी कालच हसत म्हणाली होती.

“अहो, वस्तू काय म्हणताय? बाळ आहे ते! थांबवा हे सगळं!”

“घाबरू नका सर, तुम्हाला काहीच करायचं नाहीये,” बाई त्याच गोड आवाजात म्हणाली. “अनोळखी वस्तू सिस्टिम दहा मिनिटांत आपोआप काढून टाकते.”

पडद्यावर त्या ओळीखाली आता उलटी मोजणी दिसू लागली होती: चार मिनिटं उरली.