ओटोच्या गॅरेजमधला ट्रक

"ट्रकचा भाग अजून आला नाही, ब्रॉन," ओटो लिंडनर फोनवर म्हणाला.

"कुठून येतोय, चंद्रावरून?" ब्रॉनविनने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिला.

तिच्या वडिलांचा, क्लेमचा, जुना छोटा ट्रक हिवाळ्यापासून ओटोच्या गॅरेजमध्ये पडून होता. चढ लागला की ट्रकचा जीव जायचा. मागून सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, खालून खुळखुळा हलवल्यासारखा आवाज. ओटोने गाडीखाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, कन्व्हर्टर गेला. म्हणजे इंजिनातला विषारी धूर साफ करणारा डबा. त्याच्या आतली जाळी फुटली होती आणि तुकडे अडकून धुराला वाटच राहिली नव्हती. ॲडलेडहून नवा डबा मागवायचा आणि बसवायचा, एवढंच काम. पण हिवाळा सरला, गहू पिवळा झाला, कापणीची यंत्रं शेतात उतरली, तरी डबा काही येईना.

क्लेम शेतावर एकटा राहायचा. बायको गेल्यापासून तो ट्रक म्हणजेच त्याचे पाय. क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवत बोल्स खेळायला जायचं, शुक्रवारी पबमध्ये बसायचं, शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या नातीला, ब्रॉनविनच्या पॉपीला, हमरस्त्यावरच्या फाटकापासून घरी आणायचं. आता सगळंच बंद. पॉपी शाळेतून मैत्रिणीकडे जात होती आणि म्हातारा दिवसभर व्हरांड्यात बसून होता.

रविवारी ब्रॉनविन भाजलेलं मटण घेऊन त्याच्याकडे गेली.

"बाबा, मी तक्रार करणार आहे. ग्राहकांसाठी सरकारी ऑफिस असतं."

"काही गरज नाही. ओटो आपला माणूस आहे."

"आपला माणूस? आपला माणूस असा ताटकळत ठेवतो?"

"येईल गं तो डबा. मला कुठे जायचंय एवढं?"

ब्रॉनविनने मटणाचं भांडं टेबलावर आपटलं. "तू असं बोलतोस? लोकरीच्या वजनात गडबड केली म्हणून भर बाजारात दलालाची कॉलर धरणारा तू! कधीपासून इतका गरीब झालास रे?"

"वय झालं," क्लेम म्हणाला आणि चाचपडत रेडिओचा आवाज वाढवला.

दाराशी आठवड्याचे पेपर न उघडता पडले होते.

"आणि पेपर? तोही सोडलास?"

"सगळे खोटं छापतात. मटण वाढ, गार होतंय."

घरी परतताना ती रस्ताभर धुमसत होती. चांगल्या ताठ माणसाचे पाय काढून घ्यायचे, त्याला खुर्चीत बसवायचं, आणि मग तोच म्हणायला लागतो, वय झालं! हे ओटोचं पाप होतं.

दुसऱ्या दिवशी ती न सांगता गॅरेजवर धडकली. ओटो एका यंत्राचा पट्टा बदलत होता, दोन शेतकरी शेजारी उभे होते. ट्रक कोपऱ्यात होता, टपावर धूळ. आणि मागच्या फळीवर एक नवं खोकं होतं. त्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: क्लेम.

ब्रॉनविनने ते खाली ओढलं. आत डबा होता, कोरा, चकचकीत.

"हे काय आहे, ओटो?"

ओटोने पाना खाली ठेवला.

"परवा फोनवर काय म्हणालास? भाग आला नाही? तोंड वर करून खोटं बोलतोस! तुझ्या लग्नात माझा बाप तुझ्या शेजारी उभा होता. त्याला असं कोंडून ठेवताना लाज नाही वाटली?"

शेतकऱ्यांनी माना खाली घातल्या. ओटोचे कान लाल झाले.

"कापणी होईस्तोवर राहू दे तो ट्रक," तो अखेर म्हणाला. "सायलेन्सर तापतो. वाळलेल्या शेताला आग लागेल."

"नवा डबा बसवल्यावर कसली आग? मला शिकवतोस?"

"ब्रॉन, ऐक माझं. नको नेऊस."

"का नको? एक कारण सांग. खरं."

ओटोने हात पुसले. आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले.

"चोर आहेस तू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि हे मी गावभर सांगणार."

"सांग," ओटो म्हणाला.

तिने टोइंगवाल्याला बोलावलं, ट्रक शेजारच्या गावी नेला आणि तिथल्या गॅरेजमध्ये तो डबा बसवून घेतला. दरम्यान भेटेल त्याला ती ओटोची कहाणी सांगत सुटली. पबमध्ये दोघांनी ओटोशी बोलणं टाकलं, हे कळल्यावर तिला बरंच वाटलं.

काम झालं त्या दुपारी तिने स्वतः ट्रक हाकला. वास नाही, खुळखुळ नाही. टेकडीचा चढ ट्रक तरण्या घोड्यासारखा चढला. ती एकटीच मोठ्याने हसली. बाबाचा चेहरा कसा होईल!

आवाज ओळखून क्लेम व्हरांड्यात आलाच होता. ती अंगणात थांबली, काच खाली केली आणि मुद्दाम गप्प राहिली. इंजिन सुरूच ठेवलं. ते किती छान चालतंय हे त्याने आधी ऐकावं म्हणून. कठड्याला धरत तो पायऱ्या उतरला, ट्रकपाशी आला, खिडकीवर हात ठेवून वाकला. लख्ख उन्हात त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो सरळ तिच्याकडे बघत होता.

"नीट कशाला केलास, ओटो?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "फाटकापाशी त्या दिवशी पॉपी मला दिसलीच नव्हती, सांगितलं ना तुला? ने परत. आणि ब्रॉनला यातलं काही कळता कामा नये."