पान्याचा ठेका

“बाबा, तो काप जिवंत आहे का?” मैत्रिणींनी हे विचारण्याची पैज लावली होती, म्हणून रुदैनाने अलेक्झांड्रियातल्या आईबाबांच्या प्रयोगशाळेत विचारलंच.

“उंदराच्या मेंदूचा काप तो. पेशी तेवढ्या जिवंत. ऐक!” बाबांनी हसत ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचा थेंब कापावर सोडला. पेशींतली वीज स्पीकरमधून ऐकू येत होती. तिची विस्कळीत टकटक हळूहळू तालात आली.

तीन ठोके, उसंत, दोन ठोके.

रुदैना ताडकन उठली. गल्लीत टाक्यांवर पाना आपटत येणाऱ्या गॅसवाल्या अम्म बयूमीचा, बयूमीकाकाचा, हा ठेका! ईदपासून तो बेपत्ता होता. बायकोला, नईमा मावशीला, टाकून पळाला असं सगळे म्हणत.

“या थेंबाने पेशी तालात येतातच, शहाणे,” आई म्हणाली.

“मग त्याच्याच तालात का? आणि तुम्हीसुद्धा त्याला पळपुटा म्हणालात!”

बाबांनी चिडून स्पीकर बंद केला, वायरही उपसली. तरी स्पीकर वाजलाच.

तीन ठोके. उसंत. दोन.

बाबांचा हात वायरीवरच राहिला.

“मी खाला नईमाला घेऊन येते,” रुदैना दाराकडे वळत कडाडली. “तिचा नवरा हाक मारतोय. तोवर त्या कापाला कुणी हात लावायचा नाही!”