प्लास्टिकचं टोक

बळीरामचा हात गणपतीच्या गळ्याशी आला आणि थांबला. पायापासून गळ्यापर्यंत पारदर्शक प्लास्टिकचे चार वेढे झाले होते. वर फक्त तोंड उरलं होतं. समोर गोदामाच्या नव्या मॅनेजर, मनस्वी मॅडम, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

पनवेलच्या त्या गोदामातून दर वैशाखात परदेशी मंडळांच्या मूर्ती रवाना होतात. यंदा पहिल्याच खेपेत तीन मूर्तींच्या सोंडांचे वाटेत टवके उडाले. भंगलेला देव कोण घरात घेणार? मॅडमनी फोटो मागवले. तिन्ही मूर्ती अंगभर घट्ट बांधलेल्या, तोंडावर मात्र नुसता कागद टाकून चिकटवलेला. बांधणारा बळीराम. आज मूर्ती डोक्यापर्यंत गुंडाळून दाखवा, नाहीतर उद्यापासून टेबल सोडून गेटवर खुर्ची टाकून बसा, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

बळीरामला गेटवर बसवणार, हे गोदामातल्या लोकांना खरंच वाटेना. बळीराम म्हणजे त्या कामातला उस्ताद. मिठागरं गेली तेव्हा तो गव्हाणहून इथे आला आणि प्लास्टिकचा रोल असा फिरवायला शिकला, की शेवटचं टोक कुठे दाबलंय ते कुणाला सापडत नसे. कामावर नवीन कुणी आलं की हा गडी ब्लेड काढून घ्यायचा आणि म्हणायचा, शोधा टोक. ते बिचारे नखांनी खरवडून रडकुंडीला यायचे, आणि हा मिशीत हसायचा.

ते हसणं कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी संपलं. त्याची बायको रमा हॉस्पिटलात गेली, ती घरी आलीच नाही. तेव्हापासून तो देवाचं तोंड मोकळं सोडायला लागला. म्हातारा देवभोळा झाला, देवाचा जीव गुदमरू नये म्हणून करतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेजारच्या टेबलावरची कोमल त्याच्या माघारी तोंडावर दोन वेढे मारून द्यायची आणि कुठे बोलायची नाही. यंदा ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि सगळं उघडं पडलं. घरी मुलगा धनेश बापाशी एक शब्द बोलत नाही, हे मात्र गोदामात कोमललाही ठाऊक नव्हतं.

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. टेबल गेलं तर या माणसाकडे दुसरं काहीच उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "काका, देवाला काही श्वास घ्यायला लागत नाही हो. तोंडच का उघडं ठेवता?"

बळीरामनं रोल खाली ठेवला. जे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मग त्यानं सांगितलं.

"श्वासासाठी नाय, मॅडम. रमा गेली तवा हास्पिटलात मानसं कमी पडली व्हती. त्यांनी रोल माझे हातात दिला. मीच बांधली तिला. डोल्यातनं पानी वाहत व्हता, पन हातांनी शिकलेला काम केला. तासाभरानं धनेश आला, उरणच्या धक्क्यावरशी धावत. बोलला, बाबा, आयचा तोंड येकदा दाखव. तिथल्या मानसाला दया आली. त्यानं दोन मिनटं पाठ फिरवली."

त्याची नखं टेबलाची कड खरवडत होती, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

"ब्लेड नव्हता. आमी बाप-लेक दोघं खरवडत रायलो. आनि मना टोक गावला नाय."